क्रमांकावाचून यादी

'यादी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्याच्या पोटात मुळात 'याद' म्हणजे स्मरण आहे. पेशवाईच्या दप्तरांत यादी म्हणजे टिपण असे. कोणास काय द्यावयाचे, कोणाकडून काय यावयाचे, कोणते काम कोणाच्या हवाली केले, हे धन्याच्या विस्मृतीत जाऊ नये म्हणून कारकुनाने लिहून ठेवलेले स्मरण. पुढे आपले आयुष्य रांगांत जाऊ लागले, घासलेटाच्या आणि साखरेच्या, टेलिफोनच्या आणि स्कूटरच्या, आणि यादी म्हटले की डाव्या बाजूचा क्रमांक तेवढा डोळ्यांपुढे येऊ लागला. त्यामुळे निकामी झालेल्या मूत्रपिंडाऐवजी वा यकृताऐवजी दुसरे मिळावे म्हणून जे रुग्ण आपले नाव नोंदवितात, त्यांच्या आप्तांचा पहिला प्रश्न 'आमचा नंबर कितवा?' हाच असतो, आणि त्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही असे दिसताच त्यांच्या मनात संशय उभा राहतो. परंतु ही यादी आहे ती जुन्या अर्थाची: तीत स्मरण आहे, क्रम नाही. ती अशी का झाली, हे समजण्यासाठी तिच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. आणि तो जन्म फार जुना नाही.

प्रत्यारोपणाची विद्या आधी आली, यादी पुष्कळ मागाहून. 1933 साली सोव्हिएत युक्रेनमधील खेरसोन गावी युरी व्होरोनॉय या शल्यविशारदाने मृत माणसाचे मूत्रपिंड जिवंत माणसाला जोडून पाहिले. रक्तगट जुळत नव्हते, आणि रुग्ण दोन दिवसांत गेला. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले आणि तो भाऊ पुढे आठ वर्षे जगला, तेव्हा हे कर्म साध्य आहे अशी जगाची खात्री पटली. पण त्यात वाट पाहणे कोठे होते? दाता रुग्णाबरोबरच जन्माला आलेला, त्याच्याच चेहऱ्याचा, त्याच्याच शेजारच्या खाटेवर. अशा व्यवहाराला नोंदवहीची गरज नसते. यादी निर्माण व्हावयाची तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: मरणाच्या दारी आलेल्या रुग्णाला महिनोगणती थोपवून धरण्याचे साधन हवे, परक्याचा अवयव परक्याच्या देहात टिकविणारे औषध हवे, आणि मृताकडून अवयव घेण्यास समाजाची व कायद्याची अनुमती हवी. यांपैकी पहिली गोष्ट सिएटल शहरात घडली, आणि या इतिहासाचे सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरणही तेथेच लिहिले गेले.

रक्त शुद्ध करणारे यंत्र त्यापूर्वीच अस्तित्वात होते. विलेम कोल्फ या डच वैद्याने जर्मन अंमलाखालच्या हॉलंडमध्ये, काम्पेन गावी, 1943 च्या सुमारास सॉसेजला गुंडाळण्याच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. पण प्रत्येक वेळी रुग्णाची नवी रोहिणी व नवी नीला कापावी लागे; हातापायांतल्या अशा जागा मोजक्याच, त्यामुळे आठपंधरा दिवसांत आपोआप सुधारणार असलेल्या रुग्णालाच त्या यंत्राचा उपयोग. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी मार्च 1960 मध्ये क्लाइड शील्ड्स नावाच्या, बोइंगच्या कारखान्यात यंत्रकाम करणाऱ्या गृहस्थाच्या हातात टेफ्लॉनची इंग्रजी 'यू'च्या आकाराची नळी कायमची बसवून दिली, आणि एका रात्रीत स्थिती पालटली. आता तेच दार पुनःपुन्हा उघडता येत होते. शील्ड्स आणखी अकरा वर्षे जगले. ज्या रोगाचे निदान म्हणजे मृत्युपत्र करण्याची सूचना, तो रोग अकस्मात वर्षानुवर्षे सोसण्याजोगा झाला. आणि त्याच क्षणी, यंत्रे थोडी व रोगी फार, हा पेचही जन्माला आला.

1962 च्या जानेवारीत सिएटलच्या स्वीडिश रुग्णालयाच्या आवारात, परिचारिकांच्या वसतिगृहाच्या तळघरात, कृत्रिम मूत्रपिंड केंद्र सुरू झाले. आधी वैद्यांची एक समिती वय, इतर व्याधी, मनाचा कणखरपणा पाहून उमेदवार गाळून घेई. चाळिशीच्या मध्यापलीकडचे आणि लहान मुले तेथेच बाद होत. तरीही जागांपेक्षा उमेदवार अधिक उरत, आणि ते मग दुसऱ्या समितीपुढे जात. या समितीत सातजण होते: एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकेचा अधिकारी, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यवैद्य. त्यांची नावे गुप्त ठेवलेली. रुग्णांचीही नावे त्यांना कळत नसत. पुढ्यात येत ते केवळ तपशील: लग्न झाले आहे काय, मुले किती, मिळकत किती, शिक्षण कोठवर, चर्चला जातो काय, पुढे समाजाच्या उपयोगी पडेल काय. सात प्रतिष्ठित, सहृदय, आणि बहुधा रात्री झोप न लागणारी माणसे एका मेजाभोवती बसून, हा जगावा आणि हा न जगावा, असा फैसला करीत होती. 9 नोव्हेंबर 1962 च्या 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी या समितीवर सविस्तर लेख लिहिला आणि अमेरिका हादरली.

त्या सातजणांना दुष्ट ठरविणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. त्यांनी केवळ पैशाच्या थैलीकडे पाहून निवड केली नाही. त्यांनी गुणांकडे पाहून केली, आणि घोटाळा नेमका तेथेच झाला. गुण म्हणजे काय, तर त्यांच्या गल्लीत, त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या क्लबात ज्याला गुण म्हणत ते. 1968 साली सँडर्स आणि ड्यूकमिनियर या दोघांनी कायद्याच्या एका नियतकालिकात या पद्धतीचे वाभाडे काढताना असा मुद्दा मांडला की, हेन्री डेव्हिड थोरोची मूत्रपिंडे बिघडली असती तर त्या प्रांतात त्याला जगण्याची आशा नव्हती. गांधीजींमुळे थोरो आपल्याकडे परका राहिलेला नाही. अविवाहित, नोकरी न करणारा, कर न भरल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला, तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा मनुष्य. त्याच्यापुढच्या रकान्यांत त्या सातजणांनी काय भरले असते? आपल्याकडच्या एखाद्या अशाच समितीपुढे देहूचा दिवाळखोर वाणी उभा राहिला असता तर त्याचे काय झाले असते, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. 1972 साली अमेरिकन सरकारने डायलिसिसचा खर्च जवळजवळ सर्वांसाठी आपल्या शिरावर घेतला आणि त्या समितीचे प्रयोजन संपले. पण तिची सावली अवयवांच्या प्रत्येक यादीवर पडलेली आहे. पुढे जे जे नियम झाले ते, पुन्हा कोणाला त्या मेजाभोवती बसावे लागू नये, याच धास्तीतून झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

माणसाच्या हातून निवड काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो हॉलंडमध्ये, कोल्फ ज्या विद्यापीठात वैद्यक शिकले त्याच लायडन नगरात. यॉन फान रोड हे तेथील रक्तविज्ञानाचे अभ्यासक. गर्भारपणात आईच्या रक्तात बाळाच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, हे 1958 साली त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरच्या अशाच एका खुणेचा शोध लावला. रक्तगटाहून कितीतरी सूक्ष्म अशा या ऊतकखुणा जितक्या जुळतील तितका परका अवयव देहाला कमी परका वाटतो, हे दिसू लागल्यावर फान रोड यांनी साधा हिशेब मांडला. एका रुग्णालयात दहावीस रुग्ण वाट पाहत असतील तर आलेले मूत्रपिंड त्यांच्यापैकी कोणाशी चांगले जुळण्याचा संभव क्षीण. पण अनेक नगरांचे, अनेक देशांचे शेकडो रुग्ण एका वहीत नोंदले, तर कोठे ना कोठे जोड निघेल. 1967 साली या विचारातून 'युरोट्रान्सप्लांट' ही संस्था निघाली. रुग्णांच्या खुणा संगणकात भरलेल्या. कोठे दाता मृत झाला की त्याच्या खुणा लायडनला कळवायच्या, आणि यंत्र सांगेल त्या गावी मूत्रपिंड बर्फात घालून रवाना करायचे, मग मध्ये राष्ट्राची सीमा का येईना. आज त्या व्यवस्थेत आठ देश आहेत.

या ठिकाणी यादीचे स्वरूप मुळातून पालटले, आणि ते आपल्या लोकांना अजून उमगलेले नाही. रांगेत माणसे स्थिर असतात आणि वस्तू येत राहतात. पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी. लायडनच्या वहीत मात्र प्रत्येक मूत्रपिंडागणिक रांग नव्याने लागे. सोमवारी आलेल्या मूत्रपिंडासाठी जो पहिला, तो गुरुवारच्या मूत्रपिंडासाठी अडतिसावा असू शकतो. वधूवरांच्या पत्रिका जुळविणाऱ्या जोशीबुवांच्या दप्तरात जशी कोणती पत्रिका पहिली नि कोणती शेवटची असे नसते, समोर कोणती पत्रिका ठेवली यावर सगळे अवलंबून, तसाच हा प्रकार.

अमेरिकेचा मार्ग थोडा निराळा होता, आणि तो येथे धावतच सांगतो. 1983 च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध बाजारात आले, परका अवयव टिकू लागला आणि मागणी एकदम वाढली. लहान मुलांचे आईबाप दूरचित्रवाणीवर येऊन यकृताची भीक मागू लागले, खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नभोवाणीवरून एका मुलीसाठी आवाहन केले, आणि व्हर्जिनियातील एका माजी वैद्याने तर गरीब देशांतील लोकांची मूत्रपिंडे विकत आणून विकण्याची पेढीच काढण्याचे योजिले. या गोंगाटाला उत्तर म्हणून ऑक्टोबर 1984 मध्ये कायदा झाला: अवयवांची विक्री हा गुन्हा ठरला, आणि सर्व देशासाठी एकच नोंदवही असावी असे ठरले. त्या वहीचा एक धडा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यकृताच्या वाटपात आरंभी प्रतीक्षेच्या काळाला वजन होते. परिणामी जाणते वैद्य आपल्या रुग्णाचे नाव तो पुरता आजारी पडण्यापूर्वीच नोंदवू लागले, आणि खरोखर मरणाच्या काठावर असलेला रुग्ण मागे पडू लागला. 2002 साली तो नियम मोडून रक्ताच्या काही तपासण्यांवरून, रुग्ण किती लवकर दगावेल याचा अंक काढण्याची पद्धत आली. यकृताला वाट पाहण्याचे श्रेय नाही, मरणाच्या समीपतेचे आहे. मूत्रपिंडाला मात्र, डायलिसिस दीर्घकाळ तगवू शकत असल्यामुळे, वाट पाहण्याचे श्रेय राहिले. एकाच कार्यालयातल्या दोन वह्या, पण दोघींचा न्याय वेगळा.

आता आपल्या घराकडे वळू. परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात, ज्याला सारी मुंबई 'के.ई.एम.' म्हणते, मे 1965 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मृत दात्याचे मूत्रपिंड एका रुग्णाला बसविले. हिंदुस्थानातील ते मूत्रपिंडाचे पहिले प्रत्यारोपण. रुग्ण थोड्याच दिवसांत गेला. त्याच सेनांनी फेब्रुवारी 1968 मध्ये, क्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनला केलेल्या जगातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, हृदयाचे प्रत्यारोपण केले. तेही काही तासांपुरतेच टिकले. त्या काळी आपल्याकडे मृताचे डोळे घेण्यापुरता 1957 सालचा मुंबई राज्याचा कायदा होता. पण मेंदू मृत आणि हृदय चालू अशा देहाला काय म्हणावे, याविषयी कायद्यात एक अक्षर नव्हते. परळच्या त्या धाडसाला पाठीशी ना यादी होती, ना कायदा.

1971 साली वेल्लोरला जिवंत आप्ताच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, आणि त्यानंतरची वीसेक वर्षे आपल्याकडे यादीच्या जागी बाजार होता, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. मुंबई आणि मद्रास ही त्याची दोन मोठी पेठ-शहरे. आखाती देशांतून रुग्ण विमानाने येत. दलाल त्यांच्यासाठी कर्जबाजारी माणूस हुडकून आणत. मद्रासच्या विल्लीवाक्कम या वस्तीत मूत्रपिंड विकलेली माणसे इतकी झाली की लोक तिला 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. बाजाराला प्रतीक्षायादी लागत नाही. किंमत हीच त्याची यादी. ज्याच्याकडे पैसा त्याला आज, ज्याच्याकडे नाही त्याला कधीच नाही, आणि सिएटलच्या समितीला जो प्रश्न रात्र रात्र छळे, तो दलालाला कधी पडला नाही.

हा बाजार बंद करणारा कायदा 1994 साली झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला तो आपण होऊन करता येईना; घटनेच्या 252 व्या कलमाखाली गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला अधिकार दिला, आणि 4 फेब्रुवारी 1995 पासून तो याच राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत प्रथम अंमलात आला. या कायद्याने दोन गोष्टी केल्या. जिवंत दाता असेल तर तो जवळचा आप्त असला पाहिजे, अन्यथा समितीची मंजुरी हवी. आणि मेंदूमृत्यू हा मृत्यूच होय, मात्र चार वैद्यांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसा दाखला दिला पाहिजे. राष्ट्रपतींची संमती मिळून महिना लोटतो न लोटतो तोच 3 ऑगस्ट 1994 रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. तो दिवस आता भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळतात.

कायद्याने मृत दाता मान्य केला. पण त्याचे मूत्रपिंड द्यायचे कोणाला? या प्रश्नातून मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र निघाले, शीवच्या महापालिका रुग्णालयात त्याचे दप्तर राहिले, आणि त्याच धर्तीवर पुणे, नागपूर आणि औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रे झाली. आपल्या देशात रांग म्हटली की तिच्या शेजारी एक मागचे दार गृहीत धरलेले असते. रेल्वेच्या आरक्षणापासून सिमेंटच्या परवान्यापर्यंत 'कोणी ओळखीचे आहे का' हा प्रश्न विचारल्याशिवाय आपण अर्जाचा कागदसुद्धा आणीत नाही. अशा देशात मंत्र्याचा मेहुणा आणि गिरणीकामगाराची विधवा एकाच तक्त्यावर गुणांनी मोजण्याची तजवीज करणे हे मला शस्त्रक्रियेइतकेच अवघड काम वाटते. त्यातही या मंडळींनी व्यवहार सोडला नाही. ज्या रुग्णालयात दाता निपजला, त्याच्या अतिदक्षता विभागाने रात्र जागून तो देह सांभाळला, त्याला काहीच मिळणार नसेल तर पुढच्या वेळी तो कळविणार कशाला? म्हणून एक मूत्रपिंड त्या रुग्णालयाच्या यादीतील रुग्णाला आणि दुसरे शहराच्या सामायिक यादीला, असा पायंडा पडला. शुद्ध न्यायाच्या दृष्टीने यात खोट काढता येईल. पण ही खोट पत्करल्यामुळे गाडा चालला.

विश्वास हे या यादीचे भांडवल आहे. 2012 साली जर्मनीत, नियमांबद्दल ज्या देशाचा एवढा लौकिक, तेथे काही वैद्यांनी आपल्या रुग्णांच्या तपासण्यांचे आकडे खोटे लिहून त्यांना यकृताच्या यादीत वर चढविल्याचे उघडकीस आले, आणि पाठोपाठ दात्यांची संख्याच घसरली. लोकांनी शिक्षा वैद्यांना केली नाही, यादीला केली.

नाव नोंदविण्याची रीत माझ्या परिचयाची झाली ती माझे मावसबंधू अप्पा यांच्यामुळे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढली. मधुमेहाने मूत्रपिंडे गेली तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. घरातून कोणी देण्याजोगे नव्हते. वहिनींचा रक्तगट जुळेना आणि मुलीचे घेण्यास अप्पांनी साफ नकार दिला. (आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत आप्तांच्या अवयवांवर होतात, आणि देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, या आकड्यांवर कोणी तरी स्वतंत्र लिहावे.) आठवड्यातून तीनदा चारचार तास डायलिसिस, दिवसाला मोजून पाणी, आणि डाव्या मनगटावर केलेला फिस्टुला. नीला आणि रोहिणी जोडून केलेल्या त्या उंचवट्याला कान लावला की लांबच्या शेतात इंजिन चालावे तशी घरघर ऐकू येते. ती बंद पडली तर संकट, म्हणून अप्पा पहाटे उठल्यावर देवाला हात जोडण्यापूर्वी तो हात कानाशी नेत.

रुग्ण थेट केंद्राकडे नाव देऊ शकत नाही. प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या एका, आणि एकाच, रुग्णालयामार्फत ते जाते. आम्ही पुण्याला गेलो. हृदयाची तपासणी, काविळीच्या व इतर संसर्गांच्या चाचण्या, दातांचासुद्धा दाखला, कारण पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली म्हणजे किडका दातही जिवावर बेतू शकतो. मग छायाचित्रे, ओळखीचे दस्तऐवज, संमतिपत्रे. हे सारे प्लास्टिकच्या पिशवीतून रुजू झाल्यावर अप्पांनी समन्वयक मुलीला विचारले, "बाई, माझा नंबर कितवा?" तिने दिलेले उत्तर या साऱ्या इतिहासाचे सार होते, जरी तिला लायडनचे नावही ठाऊक नसेल. "काका, नंबर असा नसतो हो. ज्या दिवशी किडनी येते, त्या दिवशी लिस्ट निघते."

मग गुणांचा हिशेब तिने समजावून दिला. आधी रक्तगट. त्यानंतर, राष्ट्रीय संस्थेने आखलेल्या निकषांप्रमाणे, नियमित डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण. लहान मुलांना अधिक. ज्यांच्या हातांतल्या फिस्टुलाच्या जागा संपल्या त्यांना अधिक. आणि ज्याने पूर्वी कोणाला आपले मूत्रपिंड दिले व आता स्वतःच डायलिसिसवर आला, त्याला पुष्कळ अधिक. हा शेवटचा नियम मला विशेष आवडला. सिएटलच्या मेजावरच्या सगळ्या रकान्यांपैकी, समाजासाठी याने काय केले, हा एकच रकाना उरला, आणि तोही मोजता येईल अशा रूपात.

अप्पांचे काम अडले ते महिन्यांपाशी. तालुक्याच्या ज्या केंद्रात त्यांचे डायलिसिस सुरू झाले, ते मध्यंतरी दुसऱ्याच्या हाती गेले होते, आणि नव्या चालकाकडे पहिल्या अकरा महिन्यांची वही नव्हती. जुन्या पावत्या वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातलेल्या. शाळेचे दप्तर तीस वर्षे चोख ठेवलेल्या माणसाचे अकरा महिने कागदाअभावी गेले. म्हणजे अकरा गुण. ते रागावले नाहीत. "अरे, दुसऱ्याच्या आवक-जावकला मी लाल शेरे मारले, आपल्याच घरची फाईल राहिली," एवढेच म्हणाले.

पहिला फोन आला तो रात्री पावणेदोनला. अशा वेळी एका मूत्रपिंडासाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त एकत्र करून जी क्रॉसमॅच चाचणी होते ती पहिल्याची बिघडली, किंवा त्याला ताप निघाला, तर दुसरा तयार असावा म्हणून. मूत्रपिंड बर्फात फार तर दिवसभर राहते, यकृत त्याच्या निम्मे, हृदय चार तास. तेवढ्यात फोनाफोनीला फुरसत नसते. अप्पा दुसरे होते. पहाटे पाचपर्यंत लोखंडी बाकावर उपाशी बसलो. समोर पहिला रुग्ण, तिशीचा रिक्षावाला, आईसह बसलेला; दोघांना एकमेकांविषयी कोणी काही सांगितले नव्हते आणि दोघांना सर्व समजले होते. साडेपाचला त्याला आत नेले. अप्पा उठून त्याच्या आईजवळ गेले, तिला चहासाठी सुटे पैसे दिले, आणि आम्ही पहिल्या एस.टी.ने परत निघालो. तिसऱ्या बोलावण्याला, दोन वर्षांनी, ते पहिले ठरले.

अर्थात ते बाकापर्यंत पोहोचले हीच मोठी गोष्ट होती. महाराष्ट्रातली प्रत्यारोपणाची केंद्रे थोड्या मोठ्या शहरांत दाटलेली आहेत. मुंबईत एकट्या मूत्रपिंडासाठी तीन हजारांहून अधिक नावे आहेत, आणि 2019 सालासारख्या चांगल्या वर्षीसुद्धा शहरात मृत दाते झाले 79. यादी आपल्यापुरता न्याय करते. पण तिच्या दाराशी कोण येऊन पोहोचला आणि कोण डायलिसिसच्या भाड्यालाच दमला, ही निवड तिच्या आधीच झालेली असते, आणि तिच्यासाठी कोणतीही समिती कधी बसलेली नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने तीन अडसर काढले: पासष्ट वर्षांवरील रुग्णालाही आता नाव नोंदविता येते, राज्यांनी अधिवासाची अट घालू नये असे ठरले, आणि नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असे राज्यांना कळविण्यात आले. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या घरी डायलिसिस सुरू असेल तर त्यांनी नोंदणीला उशीर करू नये. आणि पहिल्या डायलिसिसची तारीख ज्यावर आहे तो कागद, मग ती साधी पावती का असेना, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावा.